मुलासाठी ऑनलाईन काउन्सेलिंग घेताय? आधी त्याला एक बंद खोली द्या

पोरगं जेवायला बाहेर येत नाही, मोबाईलवरून रोज भांडणं, दहावी-बारावीचं टेन्शन, असं सुरू झालं की आईबाप परस्पर सेशन बुक करतात आणि मग मुलाला सांगतात. असं करू नका. आधी त्यालाच विचारा, "हल्ली तुला झोप लागत नाहीये, घरच्यांना सोडून कुणाशी बोलावंसं वाटतंय का?" नाही म्हणाला तर चार दिवसांनी परत विचारा, जबरदस्तीने बसवलेलं मूल कॅमेरा बंद करून नुसतं हं हं करतं.

पण मरायच्या गोष्टी करत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल तर ऑनलाईन सेशनची वाट बघायची नाही, एकटं सोडायचं नाही, थेट पुण्यातल्या ससून या सरकारी हॉस्पिटलला किंवा जवळच्या हॉस्पिटलला न्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, 24 तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी 1098 ही चाइल्डलाईन पण आहे.

आता काउन्सेलर. शिक्षण काय, या वयाच्या मुलांसोबत काम केलंय का, हे विचारायला लाजू नका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर आरसीआयचा (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा) रजिस्ट्रेशन नंबर मागा. औषधं लागली तर ती सायकियाट्रिस्टच, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टरच देणार. चार सेशनमध्ये बरं करतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. मूल अगदी लहान असेल, सहा-सात वर्षांचं, तर स्क्रीनसमोर ते टिकत नाही, तिथे बरंचसं काम आईबाबांसोबतच होतं.

पहिल्या कॉलला मुलासमोरच विचारून घ्या की घरच्यांना काय सांगणार आणि काय नाही. 18 च्या आतल्या मुलासाठी पालकांची परवानगी घेतात, पण म्हणून प्रत्येक शब्द आपल्याला कळणार असं नाही. जिवाला धोका असेल तर काउन्सेलर सांगणारच, आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली तर पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं. हे मुलाला आधीच माहिती असलं पाहिजे, नंतर कळलं तर विश्वास उडतो.

आणि जागा, माझ्या मते सगळं इथेच अडतं. वन बीएचकेमध्ये आजी हॉलमध्ये सिरीयल बघतेय, आई कुकर लावतेय आणि मूल बेडरूममध्ये पांघरुणात तोंड घालून कुजबुजतंय, अशाने काय बोलणार ते? तेवढा पाऊण तास घरच्यांनी खाली चक्कर मारून या. ते जमत नसेल तर दाराबाहेर टेबल फॅन लावा म्हणजे आतलं ऐकू येत नाही, हेडफोन द्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या गाडीत बसलं तरी चालतं, काचा थोड्या खाली ठेवून. तुमचा फोन देऊ नका, मध्येच फॅमिली ग्रुपचे मेसेज येतात. पुण्यात असाल तर गुरुवार शक्यतो टाळा, आपल्याकडे लाईट बऱ्याचदा तेव्हाच जाते. बोलायला जड जात असेल तर चॅटवर टाईप केलं तर चालेल का, हेही काउन्सेलरला विचारून ठेवा.

सेशन संपल्यावर दारातच "काय बोललास?" नको. खायला द्या आणि सोडून द्या, कधी सांगायचं ते त्याला ठरवू दे. तीन-चार सेशननंतरही तो म्हणाला की या मॅडमशी माझं जमत नाही, तर पैसे गेले म्हणून चिडू नका, मॅडमना तसं सांगा आणि दुसरं कोणीतरी बघा, यावेळी त्यालाच निवडू दे.