मारिओ पळतो किती, थांबतो कुठे: वेग आणि अचूकता मोजायची रीत

व्हिडिओ गेममधला सॉनिक मारिओपेक्षा वेगवान, हे डोळ्यांना दिसतंच. पण उडी नेमकी कुठल्या गेममध्ये बसते, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. त्यासाठी मोबाइलचा सेकंदाला 240 फ्रेम (चित्रं) टिपणारा स्लो मोशन कॅमेरा आणि एक स्टँड पुरतो.

आधी यंत्र तपासा. मूळ जपानी कन्सोल सेकंदाला 60 फ्रेम चालवतो. आपल्याकडच्या पाल (सेकंदाला 50 चित्रांची टीव्ही पद्धत) टीव्हीसाठी बनवलेला टीव्ही गेम 50च चालवतो, त्यामुळे सगळा खेळच मंदावतो. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (1985) लावा, बी बटण दाबून पळा, जमिनीच्या सुरुवातीच्या पाच-सहा विटा वेग धरायला सोडा आणि पुढच्या आठ विटा ओलांडताना रेकॉर्डिंगच्या फ्रेम मोजा. साधारण 200 आल्या तर यंत्र 60चं, 240 आल्या तर 50चं. सोलापुरात एकाच्या घरी एक आकडा आणि दुसऱ्याच्या घरी दुसरा आला, तर ती तुलना धरू नका.

आता आकडे. पळणारा मारिओ गेमच्या (कॅमेऱ्याच्या नव्हे) एका फ्रेमला जास्तीत जास्त 2.56 पिक्सेल जातो, चालणारा 1.56. ‘सॉनिक’ (1991) सपाटीवर 6 पिक्सेल गाठतो, पण शून्यापासून तिथे पोचायला त्याला 128 फ्रेम, म्हणजे दोन सेकंदांहून जास्त लागतात. छोट्या फळीवर तो अवघड जातो तो यामुळेच. उलट दिशा दाबली की मात्र पूर्ण वेगातूनही तो सुमारे 12 फ्रेममध्ये थांबतो. नुसतं बटण सोडलं तर घसरत राहतो.

अचूकतेचं गणित सोपं आहे: उशीर झालेल्या फ्रेम गुणिले वेग. तीन फ्रेम चुकल्या तर मारिओ आठेक पिक्सेल, म्हणजे अर्धी वीट पुढे जातो, सॉनिक 18. म्हणून एक वीट ठरवा, तिच्यावर थांबायचा दहा वेळा प्रयत्न करा, आधी चालत, मग पळत. दोन्ही निकाल वेगळे लिहा. ‘कॅसलव्हेनिया’ (1986) या चाचणीत बसत नाही: तिथे उडी घेतल्यावर दिशा बदलता येत नाही, त्यामुळे पाय कुठून उचलला एवढंच तपासा.

टर्बोचं, म्हणजे आपोआप सारखं दाबलं-सोडलं जाणारं बटण दाबू नका. मारिओची उंची बटण किती वेळ दाबून धरलंय त्यावर ठरते. टर्बो ते सारखं सोडतो आणि उडी बुटकी पडते. एलसीडी टीव्हीवर चित्र उशिरा दिसू नये म्हणून गेम मोड चालू करा. एप्रिल-मेच्या सोलापुरी उन्हाळ्यात घामाने अंगठा घसरतो, तेव्हा दर फेरीनंतर बटणं कोरड्या फडक्याने पुसा.