पीएलएचा एमएफआय वाढत होता, शेवटी चूक ड्रायरमध्ये सापडली

आमच्या लाईनवर पीएलएची (पॉलिलॅक्टिक ॲसिड, एक प्लास्टिक) शीट मधेच ठिसूळ यायला लागली, एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा, २१० डिग्री आणि २.१६ किलो वजनाला मोजलेला) दर शिफ्टला थोडा थोडा वाढत होता आणि मी उगाच दोन दिवस बॅरलचं टेंपरेचर कमीजास्त करत बसलो. मग कच्च्या ग्रॅन्यूलचा आणि शीटच्या तुकड्यांचा एमएफआय शेजारी शेजारी काढला, तर ग्रॅन्यूल एकदम ठीक, म्हणजे प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या मशीनमध्येच तुटून ते जास्त पातळ होत होतं. पीएलए हे पॉलिएस्टर आहे, ओलावा राहिला की वितळताना हायड्रोलिसिस होतं (पाण्यामुळे साखळ्या तुटतात), म्हणून ओलावा २५० पीपीएमच्या (दहा लाखात २५० भाग) खाली येईपर्यंत सुकवावंच लागतं.

ड्रायर ८० डिग्री दाखवत होता म्हणून त्याच्यावर संशयच आला नाही! ड्रायरच्या हवेचा ड्यू पॉइंट (जितका कमी तितकी हवा कोरडी) मोजला तर उणे ४० डिग्री हवा तिथे उणे १० च्या आसपास, हवेतला ओलावा शोषणारं डेसिकंट पार संपलेलं. ते बदललं आणि ओलाव्याचं सॅम्पल आता ड्रायरमधून नाही, थेट हॉपरच्या (मशीनमध्ये माल सोडणारं नरसाळं) तोंडातून घेतो, कारण सुकवलेला माल उघडा राहिला की परत ओलावा ओढतो. रीग्राइंड (परत वापरायला दळलेले शीटचे तुकडे) आधी क्रिस्टलाइज (रेणूंची रचना घट्ट) न करता ८० डिग्रीच्या ड्रायरमध्ये टाकू नका, साठेक डिग्रीलाच मऊ पडून गोळे होतात.