पुढून खटखट येते? शॉकअप खोलण्याआधी कोनसेट बघा

खड्ड्यात पुढून 'खट्' आवाज आला की पहिला संशय शॉकअपवर जातो. १०० ते १५० सीसीच्या मोटरसायकलींत दोष बऱ्याचदा कोनसेटमध्ये असतो. म्हणजे हँडल आणि शॉकअप धरणाऱ्या आडव्या तुकड्याखालच्या (याला टी म्हणतात) वाट्या आणि त्यांतल्या बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये, म्हणजे छर्र्यांमध्ये. तपासायला पाच मिनिटं लागतात आणि एकही नट खोलावा लागत नाही.

गाडी डबल स्टँडवर घ्या आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा सरकवून पुढचं चाक अधांतरी करा. समोर बसून दोन्ही शॉकअपची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ओढा. खटका जाणवला तर कोनसेट सैल आहे. हे करताना पुढचा ब्रेक दाबू नका, कारण डिस्कच्या गाडीत ब्रेकचे पॅड कॅलिपरमध्ये, म्हणजे त्यांना धरणाऱ्या भागात, हलून अगदी असाच खटका देतात.

आता हँडल एका बोटानं सावकाश फिरवा. चाक बरोबर सरळ आलं की हँडल खळग्यात बसल्यासारखं थांबतं का? थांबत असेल तर छर्र्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. गाडी बहुतेक वेळ सरळच चालते, म्हणून प्रत्येक दणका त्याच जागी बसतो, आणि सेट सैल असला की छर्रे हातोडीसारखे आपटतात. असा सेट आवळून काहीही साधत नाही. हँडल जड होतं आणि कमी वेगात गाडी डावी-उजवीकडे लहरत राहते. तो बदलाच.

नुसता सैल असेल तर टीचा वरचा मोठा नट आणि वरच्या टीत शॉकअपचे पाइप धरणारे बोल्ट ढिले करा. वरच्या टीखालचा खाचांचा गोल नट सी-पान्यानं (खाचेत अडकणारा अर्धगोल पाना) हलका आवळा, हँडल चार-पाच वेळा टोकापर्यंत फिरवा, मग नट साधारण एक अष्टमांश फेरा मागे घ्या. छिन्नी-हातोडीनं ठोकू नका, खाचा उडतात. वरचा नट आवळला की सेट आणखी थोडा घट्ट होतो, म्हणून शेवटी परत तपासा. खटका नसावा, आणि मधून हलका धक्का दिल्यावर हँडल दोन्हीकडे आपल्या वजनानं पडावं. पडत नसेल तर आधी केबल किंवा वायरिंग ओढलं जात नाही ना, ते बघा.

नवा सेट बसवताना वरचे आणि खालचे छर्रे वेगवेगळे मोजा. काही गाड्यांत त्यांचा आकारही वेगळा असतो. जितके निघाले तितकेच बसवा, उरलेल्या फटीत जादा छर्रा ठासू नका. नवी वाटी ठोकताना वर जुनी वाटी उलटी धरा, म्हणजे घाव कडेवर बसतो आणि छर्रे फिरायची जागा शाबूत राहते. लिथियम ग्रीस सढळ हातानं भरा. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा पाइप टीखाली रोखून मारला की पाणी आत शिरतं. असा सेट खोलला तर ग्रीसऐवजी गंजाचा तपकिरी लगदा निघतो. पावसाळा संपल्यावर, दसऱ्याला गाडीला हार घालायच्या आधी, कोनसेट बघून घेणं म्हणूनच चांगलं.

शॉकअपच्या चकचकीत पाइपवर तेलाचं कडं दिसलं तर लगेच सील बदलू नका. डस्ट सील अलगद वर सरकवा, जुन्या एक्स-रे फिल्मची पातळ पट्टी ऑइल सीलच्या ओठाखाली घालून गोल फिरवा. अडकलेली माती निघते आणि पुष्कळदा गळती थांबते. थांबली नाही तर पाइपवरून नख फिरवा. नख अडकलं तिथे गंजाचा खड्डा आहे, आणि तो नवं सीलही फाडणार. बारीक टोक असेल तर १००० नंबरच्या वॉटर पेपरनं घासा. खड्डा खोल असेल तर पाइपच बदला. तेल ब्रेक पॅडवर उतरलं असेल तर पॅडही नवे घाला.

शॉकअपचं तेल बदलताना मॅन्युअलमधलं माप मोजपात्रानं मोजा, दोन्ही बाजूंना सारखं. जास्त भरलं तर वरची हवेची जागा कमी होऊन शॉकअप कडक होतो, सीलवरचा दाबही वाढतो. चाक काढलेलं असताना कॅलिपर तारेनं टांगा, नळीवर लोंबकळू देऊ नका, आणि ब्रेकचा लिव्हर अजिबात दाबू नका. पिस्टन बाहेर येतात.

नव्या वाट्या चालता चालता थोड्या बसतात. २०० ते ३०० किलोमीटरनंतर ठोकळा पुन्हा इंजिनखाली घाला आणि खटका तपासा.