आरसी विमान आपटलं? मग पुढचं सगळं शांतपणे, या क्रमाने

आरसी विमान (म्हणजे रिमोटने उडणारं छोटं विमान) उडवायचं म्हटलं की ते कधीतरी आपटणारच, त्याला इलाज नाही. पण माझं स्पष्ट मत आहे की बऱ्याचदा पहिल्या आपटण्यापेक्षा जास्त नुकसान लोक त्याच्या पुढच्या अर्ध्या तासात स्वतःच्या हाताने करून घेतात. विमान धप्पकन बसतं, उचलून बघितलं तर काही तुटलेलं दिसत नाही, प्रॉप (पुढचा पंखा) बदलतात, "अजून एक बॅटरी भरलेली आहे रे" म्हणत परत हवेत फेकतात, आणि वर गेल्यावर एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) अडकतो. मग मात्र पिशवी घेऊन तुकडे वेचायलाच जावं लागतं. म्हणून सरळ क्रॅशपेक्षा मला "काही नाही झालं" वालं हार्ड लँडिंग जास्त धोक्याचं वाटतं. खाली मी साधं फोमचं इलेक्ट्रिक विमान धरून चाललोय, मीटरभर विंग, ९ ग्रॅमचे सर्व्हो (पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), ३एस लायपो (तीन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी). बाल्सावाल्यांसाठी (हलक्या लाकडाची विमानं) मधे मधे सांगतो.

विमान आता आपल्या हातात राहिलं नाही हे कळलं की त्या क्षणी थ्रॉटल (मोटरची पॉवर) शून्य. सगळ्यात महत्त्वाचं हेच, आणि नेमकं हेच होत नाही, कारण घाबरलं की अंगठा आपोआप वर जातो. मोटर चालू असताना प्रॉप जमिनीत रुतला तर मोटर फिरत नाही पण करंट ओढतच राहते, आणि मग ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जळतो नाहीतर मोटरचं वायंडिंग जातं. फोम चिकटवता येतो, जळालेला ईएससी नाही चिकटवता येत. थ्रॉटल बंद केल्यावर जमलं तर पंख सपाट करा, झाड की गवत असं असेल तर गवत निवडा. आणि विमान माणसांकडे, गुरांकडे किंवा रस्त्याकडे चाललं असेल तर मुद्दाम आधीच खाली घाला, तिथे विमान वाचवायचा विचारच नको.

आता शोधायचं कसं. मोकळ्या माळावर प्रश्न नाही, पण उभ्या ज्वारीत नाहीतर उसात गेलं की दहा फुटांवर असूनही दिसत नाही. जिथे उभे होता तिथून लगेच पळत सुटू नका. विमान ज्या दिशेला दिसेनासं झालं त्या रेषेत लांबची एखादी खूण पकडा, टॉवर, नारळाचं झाड, पाण्याची टाकी, काहीही, आणि मोबाईलवर त्या दिशेचा फोटो काढून ठेवा. एकाने जागेवरच थांबायचं आणि दुसऱ्याने त्या रेषेत चालायचं, मागचा ओरडून डावीकडे-उजवीकडे सांगेल. विमान बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा पुढे सापडतं, त्यामुळे लवकर हार मानू नका. रिमोट चालूच ठेवा, थ्रॉटल खाली, आणि थोडं थांबून रडरची (शेपटीच्या उभ्या पट्टीची) स्टिक हलवून बघा, वारा नसेल तर सर्व्होची किर्र ऐकू येते. रिमोट बंद केला आणि फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर मोटर आपोआप थांबवायची सोय) नीट सेट नसेल तर मोटर अचानक फिरू शकते, आणि तुम्ही नेमके वाकून बघत असता. अजून एक, आपल्याकडच्या शेतात बिनकठड्याच्या विहिरी असतात आणि कुंपणाला झटका मशीन असतं, त्यामुळे खूण बघत चालणाऱ्याने पायाखालीही बघावं. पिकात शिरायच्या आधी शेतात कोणी असेल तर विचारा, विचारलं की बहुतेक वेळा ते स्वतःच शोधायला येतात, न विचारता कणसं तुडवली तर पुढच्या रविवारी ते मैदान आपलं राहत नाही. बाभळीत अडकलं तर चढू नका, मासेमारीच्या दोरीला वजन बांधून फांदीवरून टाका आणि फांदी हलवा. विजेच्या तारांवर अडकलं तर काठी-बांबू काही लावायचं नाही, महावितरणला कळवायचं, तोपर्यंत विमान गेलं असं समजायचं.

सापडलं की उचलायच्या आधी बॅटरी. प्रॉपच्या समोर हात येणार नाही असं धरून कनेक्टर सोडवा, मगच बाकीचं. बॅटरीवर बहुतेक फोम विमानांत नाकाकडूनच मार बसतो, त्यामुळे तिचे पुढचे कोपरे नीट बघा. कोपरा दबलाय, वरचं आवरण फाटलंय, फुगलीय, गरम लागतेय किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतोय, यातलं एक जरी असलं तरी ती बॅटरी संपली, मग व्होल्टेज कितीही छान दाखवू दे. लायपो आतून शॉर्ट झाली तर लगेच पेटेलच असं नाही, थोड्या वेळानेही पेटू शकते, आणि तोपर्यंत आपण ती बॅगेत टाकून गाडीच्या डिकीत ठेवलेली असते. म्हणून निदान अर्धा तास मोकळ्या मातीवर, गाडीपासून लांब ठेवा आणि लक्ष ठेवा. मातीवर म्हणजे मातीवरच, गवतावर नाही. फेब्रुवारीपासून पुढे आपल्या टेकड्या आणि माळरानं अशी वाळलेली असतात की एका बॅटरीने अख्खा डोंगर जाईल. पेटलीच तर वारा जिकडून येतोय त्या बाजूला उभे राहा, तो धूर विषारी असतो, जवळ वाळू-माती असेल तर आग पसरू नये म्हणून लांबूनच टाका. दिसायला ठीक असलेली बॅटरी घरी आल्यावर सेल चेकरने बघा, सेलमध्ये ०.१ व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नका, आणि क्रॅशनंतरचं पहिलं चार्जिंग समोर बसूनच करा. मेलेली लायपो कचऱ्याच्या डब्यात नाही टाकायची, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायची.

बॅटरीचं व्होल्टेज मैदानावरच, विमान सापडल्या सापडल्या मोजलं तर अजून एक फायदा होतो, विमान का आपटलं ते कळतं. दर सेल ३.५ व्होल्टच्या खाली असेल तर उत्तर बहुतेक तिथेच आहे. व्होल्टेज ठीक असेल तर प्रत्येक कंट्रोल हाताने हलवून बघा, हिंज (बिजागरी) सुटलाय का, पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीकडे जाणारी तार) पट्टीवरच्या हॉर्नमधून निसटलाय का. आणि टेकऑफ होताच कलंडलं असेल तर एलेरॉन (पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या) उलटे लागलेत का बघा, स्टिक उजवीकडे केली की उजवा एलेरॉन वर गेला पाहिजे. ही चूक आपल्याला वाटते त्यापेक्षा कितीतरी जास्त लोक करतात, फक्त सांगत नाहीत. यातलं काहीच नसेल तर मग पायलट, आणि त्यात लाजायचं काही नाही. बहुतेक वेळा दोनच प्रकार असतात. एक, विमान आपल्याकडे येत असताना डावं-उजवं उलटं होतं, त्यावर उपाय सोपा आहे, जो पंख खाली झुकलाय त्या बाजूला स्टिक द्यायची, म्हणजे पंखाखाली टेकू दिल्यासारखं, डोक्यात उलटसुलट करत बसायचं नाही. दुसरा, लँडिंगला वळताना वेग कमी झालेला असतो, वळण पुरेसं होत नाही म्हणून अजून एलेव्हेटर ओढतात, आणि आतला पंख स्टॉल होऊन (म्हणजे त्याची उचल जाऊन) विमान गिरकी घेत खाली येतं. उंची कमी असताना तिथून सुटका नाही. वळताना थोडा थ्रॉटल ठेवा, वाऱ्याच्या समोर उतरा, नाक वर खेचायचं ते जमीन अगदी जवळ आल्यावर, आणि काही बिनसतंय वाटलं तर पॉवर देऊन अजून एक फेरी मारा, बॅटरीचा अलार्म होईपर्यंत थांबण्यापेक्षा दोन मिनिटं आधी लँडिंग सुरू केलं की ही चैन परवडते.

आता तपासणी, आणि इथे घाई नको. प्रॉप काढून टाका, पुढचं सगळं प्रॉपशिवायच. त्याला बारीक चीर किंवा खाच असेल तर फेकून द्या, प्रॉप चिकटवायचा नसतो, कधीच नाही. मग विमानाचं नाक डाव्या हातात धरा आणि उजव्या अंगठ्याने मोटर हळूच वर-खाली, बाजूला दाबा. मोटर ज्या पाटीवर बसते त्या फायरवॉलभोवतीचा जोड सुटला असेल तर केसासारखी रेघ उघडते आणि सोडलं की बंद होते. नुसतं बघून ही रेघ दिसतच नाही, दाबल्यावरच दिसते, आणि फुल थ्रॉटलला मोटर इथूनच सुटते. मोटर हाताने फिरवा, कुठे खरखर लागली तर आत माती आहे नाहीतर मॅग्नेट सुटलाय, मोटरचं भांडं (बाहेरचं फिरणारं कवच) फिरताना डुलत असेल तर शाफ्ट वाकलाय. शाफ्ट सरळ करायच्या नादी लागू नका, बदला.

सर्व्होचं म्हणाल तर स्वस्त ९ ग्रॅमवाल्यात प्लॅस्टिकचे गियर असतात आणि हार्ड लँडिंगमध्ये त्यांचा एखादाच दात जातो. बॅटरी लावून (प्रॉप नाहीये ना, परत बघा) स्टिक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अगदी सावकाश न्या आणि कान लावा. सगळीकडे सुरळीत आणि एकाच जागी "टक्" करून उडी मारत असेल तर तोच गेलेला दात. मधल्या भागात तो ठीकच चालतो, म्हणून घाईघाईत स्टिक हलवली की कळत नाही आणि हवेत पूर्ण एलेव्हेटर दिल्यावर कळतं. रिसीव्हरच्या अँटेनाची उघडी वायर शेवटपर्यंत शाबूत आहे का, प्लग अर्धवट निघालेत का, तेही बघा. नायट्रो (इंधनावर चालणारं) इंजिन मातीत गेलं असेल तर प्रॉप फिरवून बघायचा मोह टाळा, आत माती गेली असेल तर सिलेंडर घासला जातो, आधी उघडून धुवा.

दुरुस्तीत सगळ्यात जास्त गोंधळ गोंदाचा होतो. फेविक्विक थर्माकोलला आणि डेप्रॉनला (पातळ फोम शीट) खातं, अक्षरशः खड्डा पडतो, ईपीओ फोमवर (विमानांचा लवचिक, चिवट फोम) मात्र चालतं. तुमचं विमान कशाचं आहे माहीत नसेल तर आतल्या, न दिसणाऱ्या जागी एक थेंब टाकून बघा. नाक, फायरवॉल, विंगचा मधला जोड अशा जोर येणाऱ्या जागी अराल्डाइटसारखं इपॉक्सी, पातळ थर, थापायचं नाही. ग्लू गन सनबोर्डला (जाहिरात फलकांचा फोम बोर्ड) मस्त, पण जड होते आणि उन्हात गाडीत ठेवलेल्या विमानाचे जोड सुटतात. तुटलेले कडेचे दाणे घासून गुळगुळीत करू नका, ते जसेच्या तसे एकमेकांत बसतात, बाल्साचंही तेच, फाटलेल्या रेषा जुळवून पातळ सायनो (फेविक्विकसारखाच गोंद) सोडला की मूळच्या इतकाच पक्का जोड होतो. चिकटवायच्या आधी कोरडंच जोडून बघा आणि आरपार पेनने खुणा करा, कारण मोटर बहुतेक विमानांत मुद्दाम किंचित उजवीकडे आणि खाली वळवलेली असते, तुम्ही ती "सरळ" चिकटवलीत तर विमान पॉवरला डावीकडे ओढत राहील. जोडाच्या आडव्या बांबूच्या काड्या नाहीतर कार्बन रॉड घाला. ईपीओचं नाक चेपलं असेल तर उकळतं पाणी हळूहळू ओता, दाणे परत फुगतात, बघायला मजा येते. थर्माकोलच्या विमानाला हे करू नका. लँडिंग गियरची वायर वाकली असेल तर आधी विमानातून काढा आणि मग पक्कडीने सरळ करा, जागेवर वाकवायला गेलात तर खालची पट्टीच उखडते. आणि विंग रबर बँडने लागत असेल तर ते काढून स्क्रू लावायची "सुधारणा" करू नका, आपटल्यावर विंग सुटते म्हणूनच वाचते.

सगळं वाळलं की सुतळीने दोन्ही विंगटिपपासून शेपटीपर्यंतचं अंतर मोजा, सारखं हवं. मागून एका डोळ्याने बघून विंगला पीळ नाही ना ते बघा. मग सीजी (विमान ज्या जागी तोललं जातं तो गुरुत्वमध्य), आणि हा अजिबात सोडायचा नाही. शेपटी बॅलन्सच्या जागेपासून लांब असते, तिथे १० ग्रॅम गोंद गेला तर नाकात त्याच्या दुप्पट-तिप्पट वजन लागतं, आधी बॅटरी पुढे सरकवून जमतंय का बघा. मॅन्युअलमधली सीजीची जागा नसेल तर साधारण विंगच्या रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर पुढच्या कडेपासून धरा, थोडं नाक जड चालेल, शेपूट जड नाही. रिमोट बंद करून फेलसेफला मोटर थांबते का बघा, रेंज चेक करा (रिमोट लांबूनही पोचतो का), मगच प्रॉप लावा.

पहिलं उड्डाण सकाळी, वारा पडलेला असताना, दोन मिनिटांचं. कसरती-बिसरती काही नाही, दोन फेऱ्या, ट्रिम (सरळ उडण्यासाठीची बारीक जुळवणी), आणि खाली. उतरल्यावर बॅटरी काढून मोटरला बोट लावा, हात ठेववत नसेल इतकी गरम असेल तर शाफ्ट नाहीतर बेअरिंगमध्ये अजून काहीतरी राहिलंय. नाकाचा जोड परत तसाच अंगठ्याने दाबून बघा.

आणि एकाच जागी तिसऱ्यांदा जोड द्यायची वेळ आली तर ते फ्यूजलाज (विमानाचं मधलं धड) सोडा. गोंदाने ते इतकं जड झालेलं असतं की उतरतानाचा वेग वाढतो आणि परत आपटतं. मोटर, ईएससी, सर्व्हो, रिसीव्हर वरच्यासारखं तपासून काढून घ्या, सनबोर्डच्या दोन शीट आणा आणि एक साधं हाय-विंग ट्रेनर (धडाच्या वर पंख असलेलं शिकाऊ विमान) बनवा, शिकायला तसंही तेच बरं.