मृगाच्या आधी गाडीचे टवके बुजवा

औसा तालुक्यातल्या माझ्या शाळेकडं जाणारा शेवटचा अडीच किलोमीटरचा रस्ता दोन्ही बाजूंनी वेड्या बाभळीनं गिळलाय. समोरून उसाची ट्रॉली आली की गाडी कडेला दाबावीच लागते, आणि काटे दारांवर करकर रेघा ओढतात. पुढं हायवा असला की बोनेटवर खडी उडते आणि रंगाचे टवके निघतात. आठ वर्षं माझी पांढरी वॅगनआर हे सोसतेय, पण पत्रा अजून कुठं सडलेला नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली की मी दोन-तीन सकाळी हे ओरखडे आणि टवके बुजवायलाच देतो.

आधी ओरखडा किती खोल आहे ते बघा. त्यावर पाणी टाका. ओला असताना ओरखडा दिसेनासा झाला आणि आडवं नख फिरवल्यावर अडलं नाही, तर तो फक्त वरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहे. आत राखाडी दिसलं तर रंग संपून प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर लागलाय. चकाकतं किंवा तपकिरी दिसलं तर थेट पत्रा, आणि तिथं पावसाळा लागायच्या आत काम व्हायलाच हवं. प्लास्टिकच्या बंपरला गंज लागत नाही, त्याची घाई नको.

हे बघणं का महत्त्वाचं? सगळे थर मिळून रंगाची जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन असते, म्हणजे डोक्याच्या दोन केसांएवढी. त्यातला क्लिअर कोट जेमतेम 40-50. पहिल्या वर्षी मी दारावरची एक साधी रेघ 800 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासली. रेघ गेली, पण तळहाताएवढा क्लिअर कोटही गेला आणि अख्खं दार पेंटरकडून परत रंगवून घ्यावं लागलं. म्हणून सांगतो, वरवरच्या ओरखड्याला पेपर लावूच नका. मायक्रोफायबर कापडावर वाटाण्याएवढं रबिंग कंपाउंड, म्हणजे रंग घासून चकाकी आणणारी पेस्ट घ्या, वीतभर जागेत हलक्या हातानं फिरवा, पुसा, बघा. बाभळीच्या बहुतेक रेघा दोन-तीन वेळात जातात.

खोबरेल चोळलं की रेघ लपते, पण चार दिवसांत त्यावर धूळ चिकटते. नेलपॉलिशनं टवका बुजवणारेही पाहिलेत. ते उन्हात पिवळं पडतं, पोपडे धरतं आणि खरं काम करायच्या आधी खरवडून काढावं लागतं.

आता टवके. टच-अपची बाटली आणताना दुकानात 'पांढरा' एवढंच सांगू नका. मारुतीचाच सुपीरियर व्हाइट वेगळा आणि पर्ल आर्क्टिक व्हाइट वेगळा. शेजारी ठेवले की फरक डोळ्यात खुपतो. रंगाचा कोड बहुधा इंजिनाजवळच्या किंवा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर असतो. तो मोबाइलमध्ये फोटो काढून न्या. क्लिअर कोट आणि प्रायमरच्या छोट्या बाटल्याही घ्या.

गाडी शाम्पूनं धुवा, पण शेवटचं पाणी बोअरचं नको. आपल्याकडच्या जड पाण्याचे पांढरे डाग राहतात. घरातलं आरओ फिल्टरचं बादलीभर पाणी पुरतं. वाळल्यावर टवक्याची जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. रॉकेलनं पुसायची सवय असेल तर ती इथं सोडा, कारण त्याचा तेलकट थर राहतो आणि रंग धरत नाही.

गंज दिसला तर 600 नंबरच्या पेपरचा बारीक तुकडा काडीपेटीच्या काडीला गुंडाळा आणि फक्त टवक्याच्या आत घासा, पत्रा उजळेपर्यंत. मूळ कामाचा निम्मा भाग हाच. गंजावर रंग चढवला तर तो आतून पसरतो आणि दोन पावसाळ्यांत चिंचोक्याएवढा फुगा येतो. पत्रा उघडा असेल तर लगेच प्रायमरचा पातळ थेंब द्या.

बाटलीतला ब्रश वापरू नका, जाडा असतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या आणि टवक्याच्या मधोमध टेकवा. तो आपोआप कडांपर्यंत पसरतो. बाटली त्याआधी दोन मिनिटं नीट हलवा. थिनर उडाला की थेंब खाली बसतो, म्हणून एकदम भरू नका. तासाभराच्या अंतरानं तीन-चार पातळ थेंब द्या. रंग आजूबाजूच्या पातळीच्या किंचित खाली राहिला की थांबा, दुसऱ्या दिवशी क्लिअर कोटनं वर आणा.

हे सगळं सकाळी सहा ते साडेआठ, सावलीत. मे महिन्यात लातुरात नऊलाच बोनेटवर हात ठेववत नाही. तापलेल्या पत्र्यावर थेंबाची वरची साय लगेच धरते, आतला थिनर अडकतो आणि बुडबुडे येतात. वारा सुटला असेल तर त्या दिवशी काम ठेवा बाजूला, आपली काळी माती ओल्या रंगावर बसली की निघत नाही.

आठवडाभर हात लावू नका. मग टेंगूळ वर आलं असेल तर 2000 नंबरचा पेपर पाण्यात भिजवून पेन्सिलीच्या खोडरबराला लावा, साबणाच्या पाण्यात फक्त टेंगळावर फिरवा. जागा धूसर दिसेल, घाबरू नका. 3000 आणि त्यावर कंपाउंड फिरवलं की चकाकी येते.

टवका हरभऱ्यापेक्षा मोठा असेल, पत्रा चेपला असेल किंवा रंग मोतिया (पर्ल) असेल, तर घरी करू नका. मोतिया रंगाचा डाग टूथपिकनं कधीच जुळत नाही.

मेण महिनाभर लावायचं नाही, नव्या रंगातला थिनर पूर्ण उडू द्यायचा. म्हणूनच मी मेच्या पहिल्या आठवड्यातच काम धरतो. महिना भरतो तोवर 7 जून येतो, मृग लागतो, आणि पहिल्या सरीच्या आदल्या संध्याकाळी बोनेटवर मेण चढलेलं असतं.