पहिले घर भाड्याने देताना: हिशेब, करार आणि ताबा

भाड्याने देण्यासाठी घर घेणाऱ्या नवख्या माणसाचे गणित बहुधा एका ओळीत संपते: महिन्याचे भाडे गुणिले 12, भागिले घराची किंमत. पैसे गळतात ते या ओळीत न मावणाऱ्या खर्चांतून. घराची किंमत 100 धरा आणि वर्षाचे भाडे 6, म्हणजे महिन्याला अर्धा. वर्षातून एक महिना घर रिकामे राहिले की साडेपाच उरतात. कर, विमा, सामायिक देखभालीची वर्गणी आणि डागडुजी यांत मिळून सव्वा गेला आणि भाडेकरू आणून देणाऱ्या दलालाने अर्ध्या महिन्याचे भाडे, म्हणजे पाव, घेतला, तर हातात 4 पडतात. कागदावरचे 6 टक्के असे 4 टक्क्यांवर येतात आणि प्राप्तिकर, खरेदीच्या वेळचा नोंदणीखर्च, घर दाखवण्याजोगे करण्यासाठी झालेला खर्च यांतले काहीही अजून धरलेले नाही.

हे आकडे मांडल्यावर कर्जाचा दर शेजारी लिहून पाहावा. निव्वळ उत्पन्न 4 टक्के आणि व्याज 8 टक्के असेल, तर भाड्यातून हप्ता परस्पर फिटेल ही समजूत तिथेच सोडून द्यावी. दर महिन्याला पदरमोड करावी लागणार, हे गृहीत धरूनच व्यवहार करावा. घराची किंमत वाढली तर तोही व्यवहार फायद्याचा ठरू शकतो, पण मग आपण भाड्यावर नव्हे, किंमतवाढीवर पैसे लावले आहेत हे स्वतःशी मान्य केलेले बरे. शिवाय घराचे मोठे खर्च महिन्याच्या हिशेबाने येत नाहीत. चार वर्षे काहीच होत नाही आणि पाचव्या वर्षी पाण्याचा पंप, स्नानगृहाची गळती आणि रंगकाम एकदम समोर येते. म्हणून निदान तीन, शक्य असल्यास सहा महिन्यांचे हप्ते आणि खर्च भागतील एवढी रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी आणि भाडेकरूची अनामत त्यात धरू नये. ती आपली नसते, परत करायची असते.

भाडे किती ठेवावे याचे उत्तर जाहिरातींत सापडत नाही, कारण जाहिरातीत मागितलेले भाडे दिसते, ठरलेले नाही. त्याच परिसरातली तशीच घरे प्रत्यक्षात कितीला गेली आणि किती दिवसांत गेली, हे विचारून घ्यावे. चालू भाडेकरूचे भाडे वाढवतानाही एक हिशेब डोळ्यासमोर असावा. पाच टक्के वाढीने वर्षभरात मिळतात ते एका महिन्याच्या भाड्याचे सहा दशांश. त्या वाढीपायी भाडेकरू निघून गेला आणि घर एक महिना रिकामे राहिले, तर तेवढे नुकसान भरून यायला वाढीव भाड्याचे 20 महिने लागतात. वेळेवर पैसे देणाऱ्या आणि घर नीट ठेवणाऱ्या माणसाकडून बाजारापेक्षा थोडे कमी भाडे घेणे हा मनाचा मोठेपणा नव्हे, साधा व्यवहार आहे.

रिकाम्या महिन्याची एवढी धास्ती घातली, तरी तिच्यापायी पहिल्या येणाऱ्याच्या हातात चावी देऊ नये. घर एक महिना रिकामे राहिले तर एका महिन्याचेच भाडे बुडते. भाडे थकवून बसलेला माणूस घरातून निघेपर्यंत किती महिने जातील हे मात्र आपल्या हातात राहत नाही. ओळखीचे आणि उत्पन्नाचे कागद पाहावेत. भाडे उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आत असावे, हा ढोबळ पण उपयोगी निकष आहे. आधीच्या घरमालकाशी बोलावे, मात्र सध्याच्या मालकाच्या स्तुतीवर विसंबू नये, कारण त्रासदायक भाडेकरू जावा म्हणून तोही गोड बोलू शकतो. त्याच्याही आधीचा मालक सापडला तर अधिक मोकळेपणाने सांगेल. निकष जाहिरात देण्यापूर्वीच लिहून ठेवावेत आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच लावावेत. धर्म, वंश, जात यांवरून नकार देणे बऱ्याच देशांत कायद्याने गुन्हा किंवा दंडपात्र आहे, आणि भाडे वेळेवर येईल की नाही हे त्यावरून कळतही नाही.

करार लेखी हवा, ओळखीचा माणूस असेल तर जास्तच. भाडे कोणत्या तारखेला आणि कोणत्या मार्गाने द्यायचे, वीज-पाण्याचे बिल कोणाच्या नावावर, घर सोडण्यापूर्वी किती दिवस कळवायचे, घरात राहणार कोण कोण, पोटभाडेकरू चालेल का, मालकाने घर पाहायला येण्याआधी किती वेळ कळवायचे आणि अनामत किती दिवसांत परत मिळेल, एवढे तरी त्यात स्पष्ट असावे. दुरुस्तीची वाटणी मोघम ठेवू नये. ‘किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी’ या वाक्याचा अर्थ दोघे दोन लावतात. त्याऐवजी ठरावीक रकमेपर्यंतची दुरुस्ती त्याची आणि त्यापुढची, तसेच भिंतीतल्या नळ-तारांची सगळीच आपली, असे लिहावे. अनामतीची मर्यादा, कराराची नोंदणी आणि घर खाली करून घेण्याची रीत ठिकाणानुसार बदलते, म्हणून पहिला करार स्थानिक वकिलाला दाखवून घ्यावा.

ताबा देण्याच्या दिवशी नवखे मालक सर्वांत जास्त घाई करतात. माझ्याही पहिल्या घराचा वाद त्याच घाईतून उद्भवला: हात धुण्याच्या भांड्याला गेलेला तडा आधीचा की नंतरचा, हे ना मला सिद्ध करता आले ना भाडेकरूला, आणि अनामतीतला तेवढा भाग मी निमूटपणे परत केला. त्यानंतर मी या कामासाठी तासभर राखून ठेवतो. दोघांनी मिळून प्रत्येक खोलीत जायचे, प्रत्येक नळ सोडून पाहायचा, खिडक्या उघडून लावायच्या, दिव्यांची बटणे दाबायची, कपाटांची आतली बाजूही टिपायची. मीटरवरचे आकडे, चाव्यांची संख्या, फरशीचे टवके आणि भिंतीवरचे डाग तारखेसह छायाचित्रांत घ्यायचे, यादीवर दोघांनी सह्या करायच्या आणि एक प्रत भाडेकरूकडे द्यायची. यादीत ‘चांगल्या स्थितीत’ असे लिहून उपयोग नाही. ‘ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात बोटभर चीर’ असे लिहिले तरच ते पुढे कामाला येते.

तक्रार आली की त्याच दिवशी उत्तर द्यावे, दुरुस्तीला चार दिवस लागणार असले तरी. पाण्याच्या तक्रारी कधीही लांबवू नयेत. पाण्याचे बिल अकारण वाढले तर शौचालयाच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास ती न वापरता ठेवावी. भांड्यात रंग उतरला तर टाकीची झडप गळते आहे. भिंतीला ओल दिसली तर लगेच रंगाऱ्याला बोलावू नये. त्या जागी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवावा. दमटपणा तुकड्याच्या खोलीकडच्या बाजूला साचला, तर दोष बहुधा कोंडलेल्या हवेचा आहे आणि खिडक्या उघड्या ठेवून किंवा हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून भागते. भिंतीकडच्या बाजूला साचला, तर पाणी भिंतीतून येते आहे आणि त्याचा उगम सापडेपर्यंत रंगावर केलेला खर्च वाया जातो.

भाडे एकदा चुकले तर दुसऱ्याच दिवशी साध्या शब्दांत लेखी विचारणा करावी. त्यात राग नको आणि आडपडदाही नको. अडचण खरी असेल तर हप्ते बांधून द्यावेत, पण तेही तारखांसह लिहून. कुलूप बदलणे किंवा पाणी-वीज तोडणे हे उपाय बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहेत. थकबाकी असतानाही त्यामुळे मालकच आरोपी ठरतो.

घर सोडताना वाद होतो तो झीज आणि नुकसान यांतल्या फरकावरून. उन्हाने विटलेला रंग ही झीज. दाराला पडलेले भोक हे नुकसान. नुकसान असले तरी नव्या वस्तूची पूर्ण किंमत लावू नये. रंगाचे आयुष्य पाच वर्षे धरले आणि तीन वर्षांनी भाडेकरूने भिंत खराब केली, तर त्याच्याकडून रंगकामाच्या खर्चाचा दोन पंचमांश भाग घेणे रास्त. वजावट केलेली प्रत्येक रक्कम बिलासह लिहून द्यावी, उरलेली अनामत ठरलेल्या मुदतीत परत करावी आणि पुढचा भाडेकरू येण्यापूर्वी दाराच्या कुलपाचा गाभा बदलून घ्यावा, कारण चाव्यांच्या किती नकला निघाल्या हे कोणत्याही यादीत नसते.