लेझर चालू आणि थ्रेडिंगही चालू? या चुका टाळा

केस काढायच्या लेझरच्या तीन सिटिंग झाल्या, हनुवटीवर काडीचाही फरक नाही, पैसे पाण्यात गेले. अशी तक्रार ऐकली की मी आधी एकच विचारते, "मधे थ्रेडिंग केलंस का?" उत्तर बहुधा ठरलेलं: "हो, घरात लग्न होतं ना!"

इथेच सगळं फिसकटतं. लेझरचा प्रकाश केसातलं मेलॅनिन, म्हणजे केसाला रंग देणारं द्रव्य, शोषून घेतं, त्याची उष्णता होते आणि ती मुळाला भाजते. थ्रेडिंग, वॅक्सिंग, चिमटा, एपिलेटर यांनी केस मुळासकट उपटला जातो. मग प्रकाशाने पकडायचं कशाला? म्हणून पहिल्या सिटिंगच्या आधी 4 ते 6 आठवडे आणि दोन सिटिंगच्या मधेही केस उपटणं बंद. राहवत नसेल तर रेझर फिरवा. हो, चेहऱ्यावरसुद्धा. रेझरने केस जाड होतात हे आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी ऐकलेलं, पण ते खरं नाही. केसाचं निमुळतं टोक कापलं की खुंट बोथट राहतो आणि हाताला टोचतो, इतकंच. मूळ त्वचेखाली असतं. ब्लेड तिथे पोहोचतच नाही.

दुसरी चूक म्हणजे दोन-तीन सिटिंगमध्येच निकाल लावणं. सगळे केस एकाच वेळी वाढत नाहीत. वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच लेझर नीट चालतो, म्हणून साधारण 6 ते 8 सिटिंग, तीही काही आठवड्यांच्या अंतराने. पांढऱ्या केसांत मेलॅनिनच नसतं, त्यांच्यासाठी लेझरवर खर्च करू नका.

'कायमचे केस जातील' या जाहिरातीलाही भुलू नका. लेझरने केस कायमचे कमी होतात, विरळ होतात. अधूनमधून एखादी सिटिंग लागते. कायमचं काढणं म्हणायचं ते इलेक्ट्रोलिसिसला. 1875 मध्ये चार्ल्स मिशेल या अमेरिकी नेत्रतज्ज्ञाने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ही पद्धत वापरली होती. सुईने एकेका केसाचं मूळ जाळायचं, त्यामुळे पांढरा केसही जातो, पण काम फार चिकाटीचं. हनुवटीवरच्या दहा-बारा केसांना ठीक, पायांना नाही.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेसाठी 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी-यॅग प्रकारचा लेझर जास्त सुरक्षित मानतात. कोणतं मशीन आहे ते बेधडक विचारा. अलिबागला उन्हात रापून आल्या आल्या मात्र जाऊ नका, डाग पडू शकतात.

हनुवटीवर राठ केस आणि सोबत पाळी अनियमित असेल तर आधी डॉक्टर गाठा. पीसीओएस (हार्मोन्स बिघडवणारा अंडाशयाचा विकार) असेल तर नवे केस येतच राहतात, दोष मशीनचा नसतो. चेहऱ्यावर लेझरनंतर क्वचित केस कमी होण्याऐवजी वाढतातही. तसं दिसलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढची सिटिंग घेऊ नका.

तात्पुरत्या उपायांत सगळ्यात जास्त पस्तावा वॅक्सिंगचा. चेहऱ्याला रेटिनॉल (मुरुम-सुरकुत्यांच्या क्रीममधलं औषधी द्रव्य) लावत असाल तर पार्लरवालीला आधीच सांगा, नाहीतर केसांबरोबर सालही निघते. केस काढायची क्रीम वापरत असाल तर डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त ठेवू नका.

वॅक्सनंतर केस आतच वळून पुटकुळ्या येत असतील तर सुईने उकरू नका, काळे डाग मागे राहतात. अशा जागी लेझर खरोखर उपयोगी पडतो. रोज दाढी करून मानेवर पुटकुळ्या आणणाऱ्या पुरुषांनाही.